आई, या रक्ताचा रिपोर्ट येणार नाही

लेस्टर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या बोटाची पट्टी पाहून आईने चौकशी केली आणि "संशोधनासाठी घरीच रक्त काढून टपालाने पाठवते" हे ऐकून ती एकदम गप्प झाली. तिची ती काळजी माझ्या मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इथल्या एका विद्यापीठाच्या मधुमेहाच्या अभ्यासात मी नाव दिले आहे. दर तीन महिन्यांनी एक चपटा डबा घरी येतो. बाबा, तुम्हाला ग्लुकोमीटरसाठी एक थेंब पुरतो. मला मात्र नळीवरच्या रेघेपर्यंत, म्हणजे सुमारे ५०० मायक्रोलिटर रक्त थेंबाथेंबाने जमवावे लागते. पहिल्या खेपेस थेंब येईना म्हणून मी बोट जोरात पिळले. तसे केल्याने तांबड्या पेशी फुटतात, आजूबाजूच्या ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो आणि मोजमाप बिघडते. प्रयोगशाळेने तो नमुना बाद केला. त्याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या खेपेस आधी पाणी प्यायले, कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे केले, हात खाली सोडून उभी राहिले आणि अनामिकेच्या टोकाला न टोचता, लहानपणापासून तुम्हाला करताना पाहिले तसे, कडेला टोचले. पहिला थेंब पुसून टाकला आणि पुढचे आपसूक पडू दिले. नळी भरल्यावर रक्त गोठू नये म्हणून ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट केली.

आई, वाटेत रक्त सांडेल ही भीती बाळगू नकोस. नळी शोषक कागदासह न गळणाऱ्या पिशवीत आणि ती पिशवी टणक डब्यात जाते.

"मग रिपोर्ट काय आला?" असे तू विचारलेस. या अभ्यासात रिपोर्ट मिळत नाही. नळीवर माझे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, आणि संमतिपत्रात हे सारे स्पष्ट लिहिलेले होते. मला वाटेल तेव्हा कारण न देता बाहेरही पडता येते. माझ्या तब्येतीची तपासणी मी डॉक्टरांकडे वेगळी करून घेते.

तरीही मी हे का करते? २०२० साली यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने सुमारे २०,००० लोकांकडून असेच घरी काढलेले रक्त सहा महिने दर महिन्याला मागवले, आणि त्यातून कळले की कोरोना होऊन गेलेल्यांपैकी ९९ टक्क्यांच्या रक्तात तीन महिन्यांनंतर आणि ८८ टक्क्यांच्या रक्तात सहा महिन्यांनंतरही प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) टिकून होती. साथीच्या दिवसांत इतक्या लोकांना दर महिन्याला दवाखान्यात बोलावणे शक्यच नव्हते. मात्र त्याच बायोबँकेच्या मूळ पाच लाख सहभागींपैकी जवळजवळ ९५ टक्के गोरे आहेत. आपल्या लोकांना मधुमेह कमी वयात आणि कमी वजन असतानाही गाठतो, हे बाबांच्या आजारपणात आपण घरातच पाहिले. तो असा का येतो हे शोधायचे, तर आपल्यासारख्यांचे रक्तही त्या नळ्यांमध्ये असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बाबा, एक विनंती आहे: लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, दर वेळी नवी वापरा, आणि शेजारच्या काकांची साखर तपासताना तुमचे टोचणीचे पेन त्यांना मुळीच देऊ नका.

पुढचा डबा शुक्रवारी येईल. नमुना शनिवार-रविवार टपालात पडून राहू नये म्हणून मी सोमवारी सकाळी रक्त काढीन. त्या वेळी तुमच्याकडे दुपार असेल. आईची इच्छा असेल तर मी फोन समोर ठेवते, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

तुमची लेक