धर्मांतर वादविवादातून क्वचितच घडते

महोदय,

धर्मनिरपेक्ष समाजात वाढलेली, शिकलेली माणसे इस्लाम का स्वीकारतात, या प्रश्नाला दोनच उत्तरे ठरलेली असतात : कोणी तरी त्यांना भुलवले, किंवा त्यांना सत्य गवसले. दोन्ही उत्तरांत त्या माणसाच्या आयुष्याची चौकशी होत नाही.

लेओपोल्ड वाइस या ज्यू कुटुंबातील पत्रकाराचे उदाहरण बोलके आहे. पश्चिम आशियात वार्ताहर म्हणून हिंडताना तेथील साध्या माणसांच्या स्वस्थ वृत्तीने तो भारावला होता. पुढे १९२६ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेत सुखवस्तू प्रवाशांच्या चेहऱ्यांवर त्याला खोल दुःख दिसले आणि घरी आल्यावर, माणसाला अखेरपर्यंत गुंतवून ठेवणाऱ्या अधिकाच्या हव्यासाबद्दलचा कुराणातील अध्याय नजरेस पडला. त्यानंतर तो महंमद असद झाला. ग्रंथ निर्णायक ठरला खरा, पण त्याआधी कित्येक वर्षे त्याने माणसे पाहिली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांना १९६४ च्या हज यात्रेत वेगवेगळ्या वर्णांचे यात्रेकरू एकत्र जेवताना व प्रार्थना करताना दिसले, तेव्हा वंशभेदाने होरपळलेल्या त्या माणसाचा गोऱ्यांविषयीचा सरसकट ग्रह ढळला. इस्लामविरोधी पुस्तक लिहिता लिहिता मुस्लिम झालेले डच राजकारणी योराम व्हान क्लाव्हरेन यांच्यासारखे, वाचन आणि युक्तिवाद यांतून आलेले लोकही आहेत. मात्र माझ्या मते ते अपवाद होत.

धर्मनिरपेक्ष राज्य कोणता देव मानावा याचे स्वातंत्र्य देते, दिवस कसा घालवावा हे सांगत नाही, आणि ते सांगूही नये. पण काहींना नेमके तेच हवे असते. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, मद्याला ठाम नकार अशी स्पष्ट चौकट, विशेषतः व्यसनातून किंवा तुरुंगातून बाहेर पडू पाहणाऱ्याला, आधार वाटते. प्रवेशही सोपा आहे : समजून-उमजून कलमा, म्हणजे श्रद्धेची घोषणा करणारे वचन, म्हणायचा, त्यासाठी पुरोहित लागत नाही. विवाहाचे कारण तर सरळच आहे. पारंपरिक इस्लामी कायद्यानुसार मुस्लिम स्त्रीशी लग्न करणाऱ्या बिगरमुस्लिम पुरुषाला आधी मुस्लिम व्हावे लागते.

यातील प्रत्येक जण त्या धर्मात टिकतोच असे नाही. अमेरिकेत इस्लाममध्ये येणाऱ्यांचे आणि तो सोडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच असल्याचे प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले होते. घरच्यांना दुरावलेल्या नवमुस्लिमाला मशिदीतील, जन्मापासून एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांतही परकेपणा जाणवू शकतो, याची चर्चा आपल्याकडे होत नाही. धर्मांतराच्या बातम्या पहिल्या दिवसाच्या असतात. आपल्या दैनिकाने अशा व्यक्तींशी काही वर्षांनी पुन्हा बोलावे, आणि सोडून गेलेल्यांनाही तितकीच जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक