पिंजरा रिकामा होत नाही, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की चर्चा चावा आणि नसबंदी यांच्यापलीकडे जात नाही. पण नसबंदीचा कुत्रा शेल्टरमध्ये फार दिवस राहतच नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया, रेबीजची लस, कानाला खूण, आणि उचललं तिथेच परत. मी जिथे काम करते त्या शेल्टरमध्ये मुक्काम ठोकतात ते वेगळेच. लोकलखाली पाय गेलेला, गाडीच्या धडकेनंतर मागचं धड ओढत चालणारा, डिस्टेंपरमधून (मेंदूपर्यंत जाणारा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) वाचला पण मानेचे झटके थांबले नाहीत असा, आणि मालकाने पट्ट्यासकट हायवेवर सोडलेला. यांना परत सोडता येत नाही आणि घरी न्यायला कुणी पुढे येत नाही. मग आज रस्त्यात पडलेल्या, सहज बरा होईल अशा कुत्र्याला आम्ही ‘जागा नाही’ म्हणतो. उपचार वेगळे आणि दत्तक वेगळं हे कागदावर ठीक आहे. आमच्याकडे रांग एकच आहे.

टीव्हीटीची, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ घ्या. कर्करोग असूनही बहुतेक कुत्रे त्यातून बरे होतात. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा आठवडे. अडचण औषधापेक्षा पिंजऱ्याची, कारण तो तेवढे आठवडे अडकतो. मधे सोडला तर पुढच्या इंजेक्शनला कुत्रा सापडेलच याचा भरवसा नाही. पार्वोचं, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या विषाणूने आजारी पडलेलं पिल्लू त्याहून अवघड. दिवसचे दिवस सलाईन, आणि विषाणू असा चिवट की जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं. असं एक पिल्लू आलं की ती खोली बाकीच्या पिल्लांसाठी बंद. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाची भर. तो माणसालाही होतो, म्हणजे पिंजरे धुणाऱ्या मावशींचा जीवही टांगणीला. असे रुग्ण वेगळे ठेवायची सोय मुंबईतल्या किती शेल्टरमध्ये आहे, हे आपल्या खात्याने एकदा मोजावंच.

मोठी रुग्णालयं शहरात आहेत, नाही असं नाही. परळला पेटिट रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं सुरू झालं. पण तिन्ही माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला. दहिसरला रात्री पोट फाटलेला कुत्रा सापडला तर रिक्षा वांद्र्यापुढे जात नाही आणि टॅक्सीवाला रक्त बघून काच वर करतो.

परळचं महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे विषय आपल्याच खात्याचा. तिथल्या आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांची पाळी उपनगरातल्या शेल्टरमध्ये, नोंदणीकृत पशुवैद्यांच्या देखरेखीखाली लावता येईल. जखमा, फ्रॅक्चर, गोचीड ताप, किडे पडलेले कान: शिकायला याहून जास्त केसेस त्यांना कुठे मिळणार? जागा म्हणाल तर आरे दुग्ध वसाहतीत जुन्या सरकारी इमारती आहेत. नवं बांधकाम नको, झाडं तोडून तर नकोच.

आता दत्तकाबद्दल. फोन रोज येतात. ‘लॅब्राडोर आहे का?’ ‘पिल्लूच हवं, शक्यतो फिकट रंगाचं.’ ‘भुंकत नाही ना?’ (तसं असेल तर मासे पाळावेत, हे आम्ही फोन ठेवल्यावर म्हणतो.) काळा, चार वर्षांचा, तीन पायांचा देशी कुत्रा कुणी विचारत नाही. क्वचित एखादं जोडपं त्याच्यावर जीव लावतं, तर घरमालक नाही म्हणतो. स्वतःचा फ्लॅट असला तर सोसायटीची कमिटी ठराव करून मोकळी होते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण कमिटीच्या बैठकीत तो कागद दाखवणाऱ्यालाच भांडखोर ठरवतात. सहकार खात्याबरोबर बसून एक परिपत्रक काढा. भाडेकरूंचा प्रश्न त्याने सुटणार नाही, हे मान्य.

माझा खरा राग मात्र विकत घेऊन टाकून देणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर आहे. मुंबईच्या मे महिन्यात हस्की, बर्फाळ प्रदेशातली कुत्री! आम्हाला त्या दमछाक होऊन, कातडी खाजवून सोललेल्या अवस्थेत मिळतात. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि मायक्रोचिप बसवायची. नियम उत्तम आहे. पण सोडून दिलेला कुत्रा कुणाचा, हे आम्हाला कधीच कळत नाही. चिपचा क्रमांक विकत घेणाऱ्याच्या नावाला आणि महापालिकेच्या श्वान परवान्याला जोडला तर निदान जाब तरी विचारता येईल. शिक्षेचं तर बोलायलाच नको: प्राण्याला वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कायदा केंद्राचा आहे, पण दुरुस्तीची शिफारस राज्य करू शकतं.

हे सगळं आत्ताच लिहिण्याला कारण आहे. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 ला दिला. त्यावर मतं अनेक आहेत, माझंही आहे, ते इथे नको. पण ती कुत्री ठेवायची ज्या पिंजऱ्यांत, ते आधीच भरलेले आहेत.

आंतरवासितेचं काम खात्याच्या एका आदेशाने होण्यासारखं आहे. तो पावसाळ्याआधी निघावा, ही विनंती.

आपली नम्र,
पश्चिम उपनगरातल्या एका श्वान शेल्टरची स्वयंसेविका