ठेवी कोकणातल्या, कर्जे कुठली?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात स्वयंरोजगार मेळाव्यांच्या बातम्या नियमितपणे येतात आणि त्यांत बहुधा दोनच आकडे असतात : मेळाव्याला किती जण आले आणि किती अर्ज भरून घेतले. त्या अर्जांपैकी किती मंजूर झाले, मंजूर झालेल्यांपैकी किती जणांच्या हाती रक्कम पडली आणि ती हंगामाच्या आधी पडली की हंगाम उलटल्यावर, हे मात्र पुढे वाचायला मिळत नाही. मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखांत नोकरी करून निवृत्त झालो असून सध्या राजापूर तालुक्यात बचतगटांची आणि घरगुती उद्योग करणाऱ्यांची कागदपत्रे तपासून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे दिसले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

योजनांची वानवा आहे असे कोणी म्हणू नये. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. २०२२ मध्ये त्याची प्रकल्पमर्यादा उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये झाली. ग्रामीण भागातील महिलेला त्यात ३५ टक्के अनुदान असून तिने स्वतःचे पाच टक्केच घालायचे असतात. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान मिळते, आणि बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल तयार करून देण्यासाठी कृषी विभागामार्फत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. तो अहवाल अर्जदाराला विनामूल्य मिळायला हवा, तरीही आपल्याकडे त्यासाठी एजंटाला पैसे मोजले जातात. मुद्रा कर्ज योजना आहे, राज्य शासनाचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. एवढे सगळे असून आमच्याकडच्या काजूच्या, आमरसाच्या आणि कोकमाच्या उद्योगांची तक्रार पैसा मिळत नाही अशीच असते, आणि माझ्या मते ती रास्त आहे. त्यांना जो पैसा लागतो तो या योजना क्वचितच पुरवतात, आणि ज्या बँकेने तो पुरवायचा ती आपला हिशेब कोणाला दाखवत नाही.

आधी अनुदानाविषयीचा सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनुदान म्हणजे सुरुवातीलाच हातात पडणारी रक्कम, अशा समजुतीने पुष्कळ जण हिशेब मांडतात. प्रत्यक्षात प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदान बँकेकडे तीन वर्षे मुदत ठेवीसारखे अडकून राहते. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्याच कर्जावर व्याज लागतही नाही, आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर ते कर्जखात्यात वळते होते. त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे ज्या काळात धंदा तरतो किंवा बुडतो त्या काळात, अनुदानाचा एक रुपयाही माल खरेदीच्या कामी येत नाही.

आणि आमच्याकडे सगळा प्रश्न माल खरेदीचाच आहे. काजू बी फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत बाजारात येते. प्रक्रिया करणाऱ्याला वर्षभर काम चालवायचे असेल तर त्या तीन महिन्यांत वर्षाची बी विकत घेऊन, वाळवून, साठवून ठेवावी लागते. दहा टन बी घेणारा कारखाना म्हणजे मोठे काही नव्हे. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तर रोज जेमतेम तेहतीस किलो बी फुटते आणि चार किलो बियांमागे साधारण एक किलो गर या हिशेबाने आठ किलोच्या आसपास काजूगर निघतो. घरच्या माणसांना आणि दोन-तीन बायकांना काम मिळेल एवढाच हा पसारा. पण बीचा भाव किलोला शंभर रुपये धरला तरी दहा टनांचे दहा लाख होतात, आणि ते मे महिन्याच्या आत रोख द्यावे लागतात, कारण बागायतदार उधारीवर थांबत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही नाही. बॉयलर, कटिंग मशीन आणि ड्रायर यांच्यासाठी बँकेने कर्ज दिलेले असते. बीसाठी दिलेले नसते. मग यंत्रे मांडलेल्या पडवीत जुलैपासून काम नसते, आणि तालुक्यातील बी व्यापाऱ्यांच्या ट्रकांतून कर्नाटकात व केरळात गेलेली असते.

नियमांत याची सोय अगदी नाही असे नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या प्रकल्पखर्चात खेळत्या भांडवलाचे एक चक्र, म्हणजे माल खरेदीपासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंतचा काळ, धरता येते. परंतु हे चक्र किती दिवसांचे, हे अहवाल लिहिणारा ठरवतो, आणि आमच्या तालुक्यात फिरणारे अहवाल बहुतेक एकाच साच्यातून काढलेले असल्यामुळे काजूलाही मसाला गिरणीसारखे महिना-दीड महिन्याचे चक्र लावलेले असते. काजूचे चक्र एक वर्षाचे आहे, आमरसाचेही जवळपास तेवढेच. हा एक आकडा बरोबर लिहिला गेला, तर मंजूर होणाऱ्या कर्जाचे स्वरूपच बदलते. बँकेच्या अधिकाऱ्याने तो तपासायला हवा; पण दर दोन-तीन वर्षांनी बदलून येणाऱ्या आणि बऱ्याचदा परप्रांतातून आलेल्या अधिकाऱ्याला आमचा हंगाम ठाऊक नसतो. यात त्याचा दोष मी मानत नाही, त्याला सांगणारे कोणी नसते.

परतफेडीचेही तसेच. हापूसच्या बागेला पीक कर्ज देताना बँक आंबा विकला गेल्यावर रक्कम मागते. त्याच बागेतला आंबा शेजारच्या घरात आमरस होऊन डबाबंद झाला, की त्या उद्योगाला मात्र दर महिन्याला समान हप्ता लागतो. आमरसाचा डबा गणपतीपासून खपू लागतो. जून-जुलैचे हप्ते थकतात, सिबिलचा आकडा (कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा पतगुणांक) खाली येतो आणि पुढच्या वर्षी खेळत्या भांडवलाची मर्यादा मागायला गेलेल्या माणसाला तोच आकडा दाखवून परत पाठवले जाते. हप्ते हंगामाप्रमाणे बांधून देणे शाखेला अशक्य नसते, तसे मी स्वतः केलेले आहे.

दुसरी अडचण तारणाची, आणि तिला अस्सल कोकणी कारण आहे. आमच्या सातबारावर आजोबांच्या पिढीपासूनचे सहहिस्सेदार असतात. निम्मे मुंबईत, काही दिवंगत, वारस नोंद झालेली नाही. घर ज्या जागेवर उभे आहे ती सामायिक असते आणि उद्योग करू पाहणाऱ्या सुनेचे नाव त्यात कुठेच नसते. वास्तविक सूक्ष्म व लघु उद्योगांच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे आणि बँकेची जोखीम झाकायला २००० सालापासून पतहमी निधीही आहे. तरीही शाखेत पहिला प्रश्न ‘जागा कोणाच्या नावावर?’ हाच असतो. मी ज्यांच्यासोबत गेलो त्या एका शाखेत सर्व सहहिस्सेदारांची संमतीपत्रे मागितली गेली होती, जी मिळवायची तर बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत फिरावे लागले असते. हा नकार तोंडी असतो. लेखी असता तर त्याला उत्तर देता आले असते.

म्हणूनच उद्योगासाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे असते की अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. पोच देणे आणि नाकारल्यास कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जावर चौदा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या’ हे उत्तर त्यात बसत नाही.

बँकेतून रिकाम्या हाताने परतलेला माणूस कुठे जातो, हे बाजारपेठेत सर्वांना माहीत आहे. तो दागिने घेऊन सोनेतारणाला जातो, नाहीतर रोज पिग्मी भरत असलेल्या पतसंस्थेकडे जातो. पतसंस्थेचे व्याज चढे असते हे खरे, पण तिचा संचालक त्याच बाजारातला असतो, त्याला काजूचा हंगाम समजावून सांगावा लागत नाही आणि तो चार दिवसांत हो किंवा नाही सांगतो. बचतगटांचेही असेच आहे. गट म्हणून घेतलेले कर्ज वेळेवर फेडणाऱ्या बाईने स्वतंत्र उद्योगासाठी तीन लाख मागितले, की तिची सगळी पत शून्यापासून मोजली जाते. बाजार समित्यांमार्फत चालणारी पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही काजू बीला लागू आहे. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी रक्कम त्यातून मिळते. ती शेतकऱ्याच्या मालापुरती आहे आणि गोदाम असेल तिथेच चालते. पण ज्या गटांतील बायका बागायतदारांच्या घरच्याच आहेत, त्यांना आपली बी मे महिन्यात व्यापाऱ्याला न देता प्रक्रियेसाठी राखून ठेवायला तिचा उपयोग होऊ शकतो. ही योजना माहीत असलेले लोक मला फारच थोडे भेटले.

आता मूळ मुद्दा. कोकणातल्या बँकांत पैसा नाही असे नाही. निवृत्तिवेतन, मुंबईहून व आखातातून येणारे पैसे, आंब्याची पट्टी (विक्रीची रक्कम), हे सगळे इथल्याच शाखांत ठेव म्हणून पडते. मुंबईकर मंडळी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी जमवतात, ते त्यांनी जरूर करावे. पण गावातल्या उद्योगात भागीदार व्हायला त्यांतला कोणी सहसा पुढे येत नाही, आणि बँकेतील त्याच मंडळींची ठेवही गावाच्या कामी येत नाही. शंभर रुपयांच्या ठेवीमागे त्या जिल्ह्यात किती रुपये कर्जाऊ दिले, याला कर्ज-ठेव प्रमाण म्हणतात. ज्या जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तिथे विशेष उपसमिती नेमून सुधारणेचा आराखडा करावा, असा रिझर्व्ह बँकेचा २००५ पासूनचा नियम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय बँकर्स समितीची बैठक दर तिमाहीस होते, आणि तिच्यापुढे हे प्रमाण बँकनिहाय मांडले जाते. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक आणि अग्रणी बँकेचे (जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेचे) व्यवस्थापक त्या बैठकीला असतात. म्हणजे एखादी बँक आपल्या जिल्ह्यातून किती गोळा करते आणि किती परत देते, हे कागदावर उपलब्ध आहे. ते उद्योजकापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

माझी आपणास विनंती आहे की रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांच्या समित्यांचे तिमाही आकडे, बँकांच्या नावांसह, आपल्या दैनिकाने मिळवून छापावेत. कर्ज-ठेव प्रमाणासोबत शासकीय योजनांखाली आलेले, मंजूर झालेले, प्रत्यक्ष वाटप झालेले आणि नाकारलेले अर्ज असे चार रकाने पुरेसे होतील. अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांनी जिल्ह्यात ठिकठिकाणी जाहीर बैठका घेऊन तक्रारी ऐकाव्यात, अशीही रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. त्यांची तारीख आणि जागा आधी आठ दिवस छापून आली, तर आमच्याकडचे काजूवाले आणि आमरसवाले आपले वर्षाचे चक्र तिथे मांडू शकतील. डिसेंबर अखेरच्या तिमाहीचे आकडे काजूची खरेदी ऐन भरात येण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे कोणत्या बँकेचे दार ठोठवायचे हे त्यांना त्याच हंगामात ठरवता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी