सायलेंट की : चार माणसांच्या पानांबद्दल एका ताईंना पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गटातल्या गेलेल्यांवर तुम्ही लिहिलेली पानं छापून आली. चार माणसं, साडेअकरा पानं. हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवलं असतं, पण मग ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

इतरांसाठी थोडं आधीपासून सांगायला हवं. आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परवाना काढायचा, घरच्या छतावर अँटेना बांधायची आणि लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचं, हा आमचा उद्योग. आमचा गट जेमतेम तीसेक जणांचा. रविवारी सकाळी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर सगळे हजेरी लावतात, त्याला आम्ही नेट म्हणतो. गेल्या दीड वर्षात या नेटवरचे चार जण गेले. आमच्यात माणूस ‘वारला’ म्हणत नाहीत, ‘सायलेंट की झाला’ म्हणतात. की म्हणजे मोर्स पाठवायची बोटाखालची कळ. संभाषण संपवताना मोर्समध्ये एसके ही खूण वाजवतात, तीन डिट, डा, डिट, डा, सगळं एका दमात (डिट म्हणजे आखूड आवाज, डा म्हणजे लांब). सायलेंट कीची आद्याक्षरंही तीच. अमेरिकेतल्या ‘क्यूएसटी’ या हॅम मासिकात याच नावाचं सदर असतं, आणि त्यात नावं नि कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी हॅमची ओळखखूण, यांची यादी.

आमचीही रीत यादीचीच होती. निरोप यायचा, खाली हात जोडल्याच्या तीस खुणा पडायच्या, पुढच्या रविवारी नेटवर मिनिटभर कुणी बटण दाबायचं नाही. मग हजेरीच्या यादीतून एक ओळ कमी. ती ओळ खोडायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो, त्याला चार सेकंदही लागत नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला वाटलं, बाबांच्या सेटचं काय करायचं ते विचारायला आला असाल. सगळ्यांच्याच घरून तो प्रश्न येतो, कारण ट्रान्समीटर बिनपरवाना माणसाला देता येत नाही. तुम्ही मात्र पिशवीतून त्यांची अकरा लॉगबुकं, म्हणजे संभाषणांच्या नोंदवह्या, काढलीत आणि त्यातल्या एका पानावर बोट ठेवून विचारलंत, “क्यूआरटी म्हणजे काय हो?”

ते पान मला अजून दिसतं. वेळ, फ्रीक्वेन्सी, समोरच्याची कॉल साइन, सिग्नलचा रिपोर्ट, असे नेहमीचे रकाने. त्या रात्रीची तीन संभाषणं नीट नोंदलेली, तिन्हींपुढे ५९९, म्हणजे चोख ऐकू आलं. चौथ्या ओळीत कॉल साइन लिहायला घेतलेली आणि दोन अक्षरांवर सोडलेली. शेऱ्याच्या रकान्यात तिरकं, घाईत : ‘क्यूआरटी. दवाखाना.’ क्यूआरटी म्हणजे सेट बंद करतोय. पुढचे नऊ दिवस कोरे. तुम्ही तारखेकडे बघत बसलात आणि मग म्हणालात, “ही माझ्या जन्माची रात्र आहे.”

त्यानंतर तुम्ही फक्त आपल्या बाबांवर लिहिलं असतंत तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तुम्ही यादी मागितलीत आणि उरलेल्या तिघांच्या घरी स्वतः फोन केलेत.

पहिला फोन करायच्या आधीच माझी चूक तुम्ही पकडलीत. आमची सगळी घड्याळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर चालतात. लॉगमध्ये तीच लिहायची इतकी सवय, की एका मित्राच्या निधनाचा निरोप पाठवताना मी तारीखही यूटीसीची टाकली. तो पहाटे तीनला गेला होता आणि माझ्या निरोपात आदल्या दिवशीच गेला. घरच्यांना ते लागलं, पण बोलले नाहीत. तुम्हाला मात्र त्यांनी सांगितलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात, “पानावर त्यांच्या घरची तारीख घालते.” मी त्यांची माफी मागितली ती तुमच्यामुळे. एरवी मला कळलंही नसतं.

त्याच मित्राच्या पानाबद्दल आपलं वाजलं होतं, आठवतंय? चिडका माणूस. नवीन पोरगं फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का हे न विचारता मधेच बोललं, की ते पुढचे दोन रविवार नेटवर यायला घाबरायचं. मी म्हटलं, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं लिहावं. तुमचं म्हणणं, मग वाचणाऱ्याला वाटेल भलत्याच कुणाबद्दल लिहिलंय. तुम्ही ओरडा तसाच ठेवलात. मला मिळालेला ओरडासुद्धा! निरोप घेताना हॅम ‘७३’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. मी हौसेने ‘सेव्हन्टी थ्रीज’ म्हणालो, तर सगळ्या नेटसमोर, “शुभेच्छा आधीच अनेकवचनी आहेत, त्यांना पुन्हा शेपूट कशाला?” आता ते पान वाचताना तो आवाज कानात येतो आणि मी खुर्चीत सरळ होतो. ओरडा गाळला असता तर उरलं काय असतं? ‘मनमिळाऊ’ आणि ‘सदैव हसतमुख’, जो तो कधीच नव्हता.

तिसऱ्यांना आमच्यातल्या कुणी पाहिलेलंच नव्हतं. एकोणीस वर्षं नेटवर, पण केवळ मोर्समध्ये. त्यांचा फोटो आमच्याकडे नव्हता, घरचा जुना फोटो वापरायला घरच्यांचं मन होईना, आणि तुम्ही आग्रह केला नाहीत. ‘त्यांचा हात कसा होता ते सांगा’ असं मात्र आम्हा सात जणांना विचारलंत. मोर्समध्ये डा हा डिटच्या तिप्पट लांब असावा हा नियम. पण माणसाचं मनगट नियमात थोडंच बसतं. प्रत्येकाचा हात वेगळा, अक्षरासारखा. त्यांचा शेवटचा डा नेहमी ओढलेला, दारातून निघताना पाय रेंगाळावा तसा. सात जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. फोटोच्या जागी तुम्ही ती सात वाक्यं छापलीत.

चौथ्या बाई. आमच्याकडे बाईला, तिचं वय काहीही असो, ‘वायएल’ म्हणतात, यंग लेडी. आणि मिसरूड न फुटलेल्या पोरालाही ‘ओएम’, ओल्ड मॅन. (कुणी ठरवलं देव जाणे.) या वायएल नेटवर क्वचितच बोलत. ‘ऐकतेय’ एवढं सांगून गप्प. त्यांचं पान अर्धंच भरलं. मी म्हटलं, जरा वाढवू या, बरं दिसत नाही. तुम्ही म्हणालात, “एवढंच कळलंय.” झालं.

आणि बाबांचं पान. त्यांच्या खोक्यात जेवाय-वनचं कार्ड, म्हणजे संभाषण झाल्याची टपालाने येणारी पावती, निघालं तेव्हा आम्ही सगळे तुमच्याभोवती जमलो होतो. जॉर्डनचे राजे हुसेन यांची ती कॉल साइन. ते १९९९ साली गेले आणि २०१८ मध्ये तिच्या नावाचा एक छोटा उपग्रहही आकाशात गेला. आमच्या मते तोच मथळा व्हायला हवा होता. तुम्ही त्या कार्डाला एक ओळ दिलीत. दोन परिच्छेद दिलेत ते २८ मेगाहर्ट्झला. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात आणि ते घटले की हा पट्टा लांबच्या संपर्कासाठी मुका होतो. २०१९ च्या डिसेंबरात चक्र तळाला होतं. त्या काळात बाबांच्या लॉगमध्ये रोज सकाळी एकच नोंद : ‘२८ बंद.’ दुसऱ्या दिवशी, ‘२८ बंद.’ तुम्ही त्या नोंदी मोजल्यात, दोनशे चौदा. मी तीस वर्षं त्यांना ओळखत होतो आणि हा माणूस रोज उठून बंद दार ठोठावतो हे मला माहीत नव्हतं.

आता नेटवर हजेरीआधी दर रविवारी एकेक पान वाचतो. गेल्या रविवारी अर्ध्या पानाची पाळी होती. वाचून झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, ‘ऐकतोय’. मग एकेक करत सगळेच.

बाबांची की माझ्या टेबलावर आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिचे काँटॅक्ट कागदाने पुसले, पितळेला हात लावला नाही. फटीचा स्क्रू त्यांनी फिरवून ठेवला होता तिथेच आहे. मला ती फार सैल वाटते, पण तशीच ठेवली आहे. कधी नेता ते कळवा.

मनापासून आभार.

७३. शेपूट न लावता.

तुमचा,
नेटची हजेरी घेणारा