हरकतीचे पान उघडण्यापूर्वी

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या झाडांसाठी तुम्ही मंडळी इंटरनेटवर एक पान उघडणार आहात, आणि त्यावर नाव लिहून बटण दाबले की हरकतीचे पत्र थेट महापालिकेला जाईल, असे तू कळवलेस. बेत चांगला आहे. माझी बरीचशी नोकरी आवक-जावक विभागात गेली असल्यामुळे, पत्र पोहोचल्यानंतर टेबलापलीकडे त्याचे काय होते, ते तुला सांगावेसे वाटते. अशी पाने तयार करणारे बहुतेक जण पत्र रवाना होईपर्यंतचाच विचार करतात.

आलेल्या हरकतीवर आवक क्रमांक पडतो, ती संबंधित विभागाकडे जाते आणि तिथला लिपिक तिच्यावर टिपणी तयार करतो. शेकडो पत्रांत तोच मजकूर आणि शुद्धलेखनाची तीच चूक असेल, तर तो 'समान आशयाच्या हरकती' असे लिहून सगळ्यांचा एक गठ्ठा बांधतो आणि त्या गठ्ठ्याला एकच उत्तर जाते. यात लबाडी असतेच असे नाही. त्याच्या जागी तूही तेच केले असतेस. पण त्याच गठ्ठ्यात कुणी लिहिले असेल की, आमच्या फाटकासमोरच्या वडाची नोंद तोडायच्या झाडांच्या यादीत बाभूळ म्हणून झाली आहे आणि बुंध्याचा घेरही चुकीचा दिला आहे, तर ते पत्र वेगळे काढावे लागते, कारण त्याला उत्तर द्यायचे तर कुणाला तरी टेप घेऊन जागेवर जावे लागते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या, बाबतीत आपल्या देशात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. 27 मार्च 2015 रोजी ट्रायने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी 118 पानांची सल्लामसलत पत्रिका काढली आणि 20 प्रश्न विचारले. ती पत्रिका सामान्य माणूस वाचणार नाही हे ओळखून स्वयंसेवकांनी तिचा सोपा गोषवारा केला, प्रश्नवार उत्तरांचा मसुदा तयार केला आणि 'सेव्ह द इंटरनेट' या पानावरून लोकांना तो ईमेलने पाठवता येईल अशी सोय केली. मुदत संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. तेही साच्यातलेच होते, हे मला मान्य आहे. परंतु त्या साच्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती, आणि तोवर चार तज्ज्ञांत राहिलेला विषय त्या आकड्यामुळे संसदेपर्यंत गेला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांविषयी दुसरी पत्रिका काढली, तेव्हा फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स' या, निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या योजनेच्या बाजूने असेच बटण वापरकर्त्यांसमोर ठेवले. लाखो ईमेल आले, पण त्यांत योजनेला पाठिंबा होता, पत्रिकेतल्या चार प्रश्नांना उत्तर नव्हते. ही सल्लामसलत आहे, मतमोजणी नव्हे, अशा आशयाचे खरमरीत पत्र ट्रायने फेसबुकला लिहिले आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावाच्या दरांवर, म्हणजे संकेतस्थळानुसार डेटाचा वेगळा दर लावण्यावर, बंदी घातली. तेव्हा तुमच्या पानावर 'झाडे वाचवा' हे वाक्य हवे तर शीर्षकात असू दे, पण पत्राच्या आत महापालिकेच्या झाडतोडीच्या नोटिशीचा क्रमांक, तारीख, झाडांचे अनुक्रमांक आणि नेमकी हरकत आली पाहिजे. 'या झाडाशी माझा संबंध काय' यासाठी एक मोकळी चौकट ठेव आणि ती भरल्याशिवाय पत्र पुढे जाऊ देऊ नकोस. पाठवणारे कमी होतील, होऊ देत.

तांत्रिक बाजू तुला माझ्यापेक्षा अधिक कळते, तरी एक गोष्ट लिहितो. सगळी पत्रे तुमच्या सर्व्हरवरून एकाच पत्त्याने सुटली, तर ती स्पॅममध्ये अडकण्याचा संभव मोठा, शिवाय ती नागरिकांची आहेत की तुमची, हा प्रश्न कुणीही उपस्थित करू शकतो. बटण दाबल्यावर ज्याच्या त्याच्या फोनवरचे ईमेल उघडावे, त्यात पत्ता, विषय आणि मसुदा भरलेला असावा, आणि पाठवण्याचे काम त्याने स्वतः करावे, हे बरे. त्यामुळे प्रतही त्याच्याकडे राहते आणि पोच मिळाली तर तीही त्यालाच मिळते.

लोकांची माहिती गोळा करण्याचा मोह आवर. एप्रिल 2015 मध्ये ट्रायने आलेल्या सगळ्या प्रतिक्रिया पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह जाहीर केल्या होत्या, आणि एवढे पत्ते आयतेच उघड्यावर आल्याने लोक संतापले होते. हरकत हा सरकारी कागद आहे, तो इतरांच्या वाचनात येऊ शकतो, हे तुमच्या पानावर स्पष्ट लिही. मोबाइल क्रमांक कायद्याने मागितला नसेल, तर तुम्हीही मागू नका.

तुझ्या आईला काळजी वाटते ती वेगळीच, आणि ती अनाठायी नाही. 2020 मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नियमांच्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, तेव्हा तरुणांच्या गटांनी अशाच पानांवरून ईमेल पाठवले. मंत्र्यांच्या ईमेलवर त्यांचा पूर आला, तक्रार झाली, दिल्ली पोलिसांनी एका गटाला नोटीस काढली आणि त्यांचे संकेतस्थळ काही काळ बंद पडले. त्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी कायद्याचे कलम होते. ते चुकून पडले असे सांगून नोटीस मागे घेण्यात आली. त्याच मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणण्यास सांगितले. म्हणून पत्र हरकतीसाठी दिलेल्या अधिकृत पत्त्यावरच जाऊ दे, कुणाच्या खासगी ईमेलवर नको, आणि त्यात कुणाविषयी अपशब्द नको. मराठीतूनच लिहा, महापालिकेचे कामकाज मराठीत चालते आणि तुमच्या गल्लीतल्या आजीबाईंनाही आपण कशाखाली नाव घालतो ते कळले पाहिजे.

मुदत संपल्यावर पान बंद करून मोकळे होऊ नका. सुनावणी ठेवली तर जाणाऱ्यांची यादी आतापासून करा. निर्णय कळला नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून किती हरकती नोंदल्या गेल्या आणि त्यांवरच्या टिपणीत काय लिहिले आहे, त्याच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

नोटिशीचा फोटो आणि पत्राचा मसुदा मला आजच पाठव. विषयाची ओळ आणि संदर्भ मी तपासून देतो. बाकी भाषा तुमचीच राहू दे.

तुझे,
बाबा