नोटीस लागल्यावर सल्ला कसला मागता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात नोकरकपातीची बातमी आली की खाली वकिलाचं एक वाक्य असतंच, कपात बेकायदा आहे, आम्ही कोर्टात दाद मागू वगैरे. त्यात चूक काही नाही. पण नोकरीविषयक कायद्याच्या वकिलांचं बरंचसं काम माणूस घरी बसायच्या आधीचं असतं आणि ते कधी छापूनच येत नाही, म्हणून हे पत्र.

मी आमच्या कंपनीच्या वर्क्स कमिटीवर, म्हणजे मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेल्या समितीवर, कामगारांच्या बाजूने बसलोय. कंपनीचं नाव देत नाही, पगार तिथलाच आहे. एकदा शिफ्टच्या वेळा बदलायच्या म्हणून मीटिंग बोलावली, आम्ही चांगलं तावातावाने बोललो, साहेबांनी सगळं वहीत लिहून घेतलं, बाहेर येऊन बघतो तर बोर्डावर नवं टाइमटेबल लागलेलं, सहीशिक्क्यासकट, आणि सहीखाली तारीख आदल्या दिवशीची! ओळखीतल्या एका वकीलबाईंना त्याचा फोटो दाखवला तर त्यांनी मजकूर वाचलाच नाही, आधी तारीख बघितली. म्हणाल्या, शिफ्ट बरोबर का चूक ते नंतर बघू, ठरलं कधी आणि तुम्हाला विचारलं कधी एवढं आधी सांगा.

सगळी मेख तिथेच आहे. नेदरलँड्समध्ये ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असावं लागतं, आणि विभाग बंद करणं, कंपनी विकणं, मोठी पुनर्रचना असल्या निर्णयांवर त्याचा सल्ला घ्यावाच लागतो, तोही अशा वेळी की त्या सल्ल्याने निर्णयात खरोखर फरक पडू शकेल. हे कायद्यातच लिहिलंय. मालकाने सल्ल्याच्या विरुद्ध निर्णय घेतला तर एक महिना अंमलबजावणी थांबवायची आणि त्या महिन्यात मंडळ ॲमस्टरडॅमच्या कोर्टातल्या खास कंपनी-विभागाकडे जाऊ शकतं. मग वकिलाचं काम काय, तर कागद गोळा करणं. कंपनीच्या संचालकांचा ठराव कुठल्या तारखेचा, कंत्राटदाराला ऑर्डर कधी गेली, जागा रिकामी करायचं पत्र कधी निघालं. कंत्राट आधीच सही झालेलं असेल तर नंतर मागितलेला सल्ला म्हणजे नुसता देखावा, आणि तो देखावा तारखांवरूनच उघडा पडतो. आणि या वकिलाची वाजवी फीसुद्धा, आधी कळवलेलं असेल तर, मालकालाच भरावी लागते, हे वाचून मला तर हसूच आलं होतं.

जर्मनीत याहून कडक आहे. तिथे ५ कायम कर्मचारी असले तरी मंडळ निवडता येतं, आणि मंडळ असलेल्या ठिकाणी कुणालाही काढण्याआधी मंडळाचं म्हणणं ऐकलं नाही तर ती बडतर्फीच रद्द ठरते, कारण कितीही खरं असलं तरी. मंडळ नको म्हणालं म्हणून मालकाचे हात बांधले जातात असं नाही, पण विचारावं लागतं.

आता आपल्याकडे बघा. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये कलम ४३अ आलं, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. १९९० मध्ये राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं, कायदा काही झाला नाही. वर्क्स कमिटी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे, १०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच राहिली, तिचं काम सलोखा राखणं आणि समान हिताच्या गोष्टींवर मत देणं. मत देणं! ते ऐकायचंच असं कुठे लिहिलंय? सेवाशर्तींतले काही बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते हे खरं, त्यात कामाचे तास, शिफ्ट हेही येतं, पण नोटीस म्हणजे कळवणं झालं, विचारणं नाही. वरून कामगार न्यायाधिकरणापुढे वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती लागते, त्यामुळे वकील कामाचा ठरतो तो त्याच्या आधी, कमिटीला कागद कसे मागायचे, मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, आपला विरोध शब्दशः कसा लिहून घ्यायचा हे शिकवायला. आमच्या कमिटीत हे कुणालाच येत नव्हतं, मिनिट्स मॅनेजमेंट लिहायची आणि आम्ही सह्या ठोकायचो.

मला विचाराल तर यात मालकाच्या वकिलाचाही उपयोग तेवढाच, कदाचित जास्तच. चांगला वकील मॅनेजमेंटला सांगतो की बाबांनो आधी विचारा, दोन आठवडे जातील पण नंतर संप आणि कोर्टाच्या चकरा वाचतील. सगळे ऐकतात असं नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी किती जण गेले याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, तिथे कमिटी होती का आणि तिला कुठल्या तारखेला विचारलं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही छापा.

आपला,
एक वाचक आणि कमिटी मेंबर