आई-बाबा, शर्यतीचं खरं सांगते

न्युरेंबर्ग
बुधवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी म्हणाले, "झाली शर्यत, छान झाली, पाय तेवढे दुखतायत." आईने विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. तुमच्याकडे रात्रीचा पाऊण वाजला होता आणि तुम्ही दोघं माझ्या फोनसाठी जागे होतात. मी तेव्हा वैद्यकीय तंबूत खाटेवर पडले होते. व्हिडिओ लावला नाही तो त्यासाठीच. तीन दिवस झाले, ते "छान झाली" मला टोचतंय. फोनवर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून लिहून पाठवते.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं की पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या असल्या ट्रायथलॉन शर्यती कोणाच्या डोक्यातून निघाल्या. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर. तिथे तीन वेगवेगळे प्रकार आधीपासून होते: वायकिकीच्या समुद्रातली पोहण्याची शर्यत, सायकलवरून बेटाला घालायचा वळसा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने तिन्ही एका दिवसात करायच्या ठरवल्या. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. हे मी गमतीने वाचलं होतं. शर्यतीत माणूस काय पितो यावर सगळं कसं फिरतं, हे मला रविवारी कळलं.

अंतरं तीच राहिली आहेत. पोहणं ३.८ किलोमीटर, सायकल १८० आणि नंतर पूर्ण मॅरेथॉन, ४२.२. आमच्या इथून दक्षिणेला लोकलने अर्ध्या तासावर रोथ नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९८४ पासून ट्रायथलॉन होते. सगळं १५ तासांत आटपायचं असतं. जुलैच्या त्या एका रविवारी रस्त्याच्या कडेने दोन लाखांहून जास्त माणसं उभी असतात आणि आसपासच्या गावांतले हजारो लोक स्वयंसेवक म्हणून राबतात. चौथीतली पोरंसुद्धा हात लांब करून केळी धरून उभी होती.

पोहणं माइन आणि डॅन्यूब नद्यांना जोडणाऱ्या कालव्यात. एरवी तिथून मालवाहू बोटी जातात, त्या दिवशी बंद. पहाटे काठावर धुकं होतं, पलीकडे गरम हवेचे फुगे आकाशात चढत होते, आणि तोफेच्या आवाजावर एकेक तुकडी सुटत होती. माझी सात वाजता सुटली. पाणी हिरवट काळं, तळ दिसत नाही. आजूबाजूच्या बायका त्या काळोखाला घाबरत होत्या. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. पाठीला भोपळा बांधून तुम्ही मला कृष्णेत सोडलंत तेव्हा तळ कुठे दिसत होता! दर दहा हातांनी मान वर काढून आयर्विन पुलाचा खांब बघायचा, नाहीतर धार कुठल्या कुठे नेते, असं तुम्ही घाटावरून ओरडून सांगायचात. कालव्याला धार नाही, पण मी दर दहा हातांनी मान वर काढली. १ तास २४ मिनिटं लागली. बाबा, पोहण्यात माझी एकही चूक नाही. त्या दिवसातला तेवढाच भाग मी शिकवल्याप्रमाणे केला.

चूक सायकलवर झाली. सायकलच्या पॅडलवर आपण किती जोर लावतो ते वॉटमध्ये मोजणारं यंत्र असतं. मी जेमतेम तासभर १९० वॉट टिकवू शकते. सहा-सात तास चालवायची आणि वर मॅरेथॉन धावायची, तर १३० च्या वर जायचं नाही, असं मी हिवाळ्यापासून ठरवलं होतं. आणि साधारण ६ तास ५० मिनिटं लागू द्यायची. १८० किलोमीटर दोन फेऱ्यांत असतात. हिल्पोल्टश्टाइन गावाजवळ सोलारर बेर्ग म्हणून चढ आहे. तिथे लोक रस्त्यावर इतके आत सरकतात की मिरवणुकीत पालखीला उरते तेवढीच वाट पुढे उरते. ढोल, घंटा, कानाशी तोंड आणून ओरडणं. लोक माझ्या छातीवरचं नाव वाचून मला नावाने हाका मारत होते. आई, परक्या देशात इतक्या माणसांनी मला एकदम नावाने हाक मारली, असं सात वर्षांत कधी झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि पाय सुटले. त्या चढावर मी २३० वॉटने गेले.

मग तो जोर उतरलाच नाही. पहिली फेरी ३ तास २ मिनिटांत, सरासरी १४८ वॉट. दुसरी ३ तास २० मिनिटांत, १२७ वॉट. ठरलेल्या वेळेच्या २८ मिनिटं आधी सायकल संपली. तेव्हा मी ती मिनिटं कमावली असं समजत होते. खरं तर ती उसनी घेतली होती.

त्याहून मोठी चूक पिण्याची. माझ्याकडे मिठाच्या गोळ्यांची पुडी होती. पोहून आल्यावर कपडे बदलायच्या पिशवीत ती ठेवली होती आणि घाईत ती तिथेच राहिली. बाटलीत साखर-मिठाचं दाट सरबत होतं. जोरात सायकल चालवली की रक्त पायांकडे जातं, पोटाला ते पचवायला उरत नाही. शंभराव्या किलोमीटरला त्या गोडाची मला शिसारी आली. मी ते सोडून दिलं आणि दर थांब्यावर साधं पाणी घ्यायला लागले. ऊन चढलं होतं, भीती होती की पाणी कमी पडेल. म्हणून तहान नसतानाही प्यायले. पाऊण लिटरच्या आठ बाटल्या. म्हणजे सहा लिटर.

धावायला लागले तेव्हा पहिले दहा किलोमीटर १ तास ४ मिनिटांत झाले. पुढे कालव्याच्या काठाचा सरळ खडीचा रस्ता, सावली नाही. चौदाव्या किलोमीटरला आजीची अंगठी बोटात रुतायला लागली. हात सुजले होते. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि मला वाटलं पाणी कमी पडलं. म्हणून प्रत्येक थांब्यावर आणखी दोन-दोन पेले. चोविसाव्या किलोमीटरच्या आसपास एका थांब्यावर साठीच्या एका बाईंनी माझा हात धरला. त्या परिचारिका होत्या असं नंतर कळलं. बोटांकडे बघितलं, मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "शेवटची लघवीला कधी गेलीस?" मला आठवेना. पोटात पाणी खळखळत होतं आणि लघवी नाही. त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि खारट गरम सूप दिलं. या देशात शर्यतीत शेवटच्या टप्प्याला ते देतातच. साधं पाणी बंद, म्हणाल्या. अकरा मिनिटं त्यांनी मला उठू दिलं नाही. मी त्यांना सारखी विचारत होते, माझी वेळ किती झाली. त्या म्हणाल्या, "तुझं नाव सांग, आजचा वार सांग, मग वेळ सांगते."

त्या क्षणी मला आईची खाट दिसली.

फेब्रुवारीत आई दवाखान्यात होती, हे मला तुम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलंत. तिची जीभ जड झाली होती, ती गेलेल्या मावशीला हाका मारत होती, आणि तुम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका आला. तो नव्हता, रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, ११८ वर आलं होतं. असायला हवं १३५ ते १४५. तुम्ही पाठवलेला डिस्चार्जचा कागद मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला. बीपीच्या गोळीने मीठ लघवीवाटे जात होतं, आणि त्याखाली एक ओळ होती: पाणी गरजेपेक्षा जास्त घेतलं जात होतं.

आई, ते पाणी मी पाजलं होतं. रोज फोनवर "चार लिटर प्यायलीस का" म्हणून मी तुला दरडावत होते. तू ओट्यावर चार बाटल्या भरून ओळीने ठेवायचीस आणि रात्री शेवटची संपवून मला फोटो पाठवायचीस. नको वाटत असलं तरी प्यायचीस, कारण लेक रागावेल. ती ओळ वाचली तेव्हापासून मी तुझ्याशी याबद्दल एक शब्द बोललेले नाही. तूही बोलली नाहीस. बाबांनी गोळी बदलून दिल्याचं तेवढं सांगितलं.

आणि एवढं सगळं माहीत असून मी तेच स्वतःला केलं. तंबूत वजन केलं तेव्हा ५९.७ किलो निघालं. सकाळी ५८.४ होतं. दिवसभर घाम गाळून वजन वाढलं. सोडियम १३१ होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण ते आईलाही लागू आहे. शरीर खूप ताणलेलं असलं की ते पाणी धरून ठेवायचा हुकूम मूत्रपिंडाला देतं. वरून आपण साधं पाणी ओतत राहिलो की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि पाणी पेशींमध्ये शिरतं. बोटं सुजतात ती दिसतात, मेंदू सुजतो तो दिसत नाही. सलाईन लावलं नाही. अगदी दाट खारट सूप थोडं थोडं, आणि वाट बघणं. दोन तासांनी लघवी झाली आणि डोकं ठणकायचं थांबलं. काल पुन्हा तपासलं, १३८ आहे. हा आकडा खरा आहे, बाबा, कागद सोबत जोडते आहे.

शर्यत मी पुरी केली. चोविसाव्या किलोमीटरपासून बहुतेक चालत. ५ तास ५८ मिनिटं पायी, सगळं मिळून १३ तास ५९ मिनिटं. चालताना सुरुवातीला लाज वाटत होती, कारण शेजारून वयाने वीस वर्षांनी मोठी माणसं पळत जात होती. मग मी हिशोब मांडायला लागले. अठरा किलोमीटर उरले, एक किलोमीटर दहा मिनिटांत चालले तर तीन तास, म्हणजे पोहोचते. प्रत्येक किलोमीटरच्या पाटीवर घड्याळ बघायचं आणि तेवढंच पुढचं ठरवायचं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा तिला अंगणात फेऱ्या मारायला लावत होते आणि तुळशीपाशी आलं की पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारायचे, ते आठवत होतं. आई, तू त्या रेघा अजून पुसू दिलेल्या नाहीस. का ते मला आता कळतं.

पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचं आहे. नाव नोंदवण्याआधी तुम्हाला विचारेन. सायकलवर १३० च्या वर जाणार नाही, सोलारर बेर्गवर तर मुद्दाम हळू जाईन, हाका ऐकत. तहान लागली की पिईन. मिठाची पुडी पिशवीत न ठेवता सायकलच्या दांडीलाच चिकटवेन. शर्यतीच्या आधी आणि लांब सरावाच्या आधी-नंतर वजन करून वहीत लिहायला लागले आहे. हे सगळं मला आधी वाचून माहीत होतं. पण पोट ढवळत असताना आणि ऊन डोक्यावर असताना माणूस वाचलेलं करत नाही, सवयीचं करतो. म्हणून ते सरावात दर रविवारी करणार आहे.

आईसाठी आता माझं एवढंच मागणं आहे. चार बाटल्यांची ओळ बंद कर. तहान लागेल तसं पी, आणि किती प्यायचं, जेवणात मीठ किती, हे तुझ्या डॉक्टरांना विचार, मला नको. मी लांबून हुकूम सोडणार नाही. बाबा, तिची गोळी पुन्हा बदलली किंवा तिला उलट्या-जुलाब झाले, तर सोडियम लगेच तपासून घ्या. ती शब्द विसरायला लागली, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या आणि मला त्याच रात्री फोन करा. माझा सराव बिघडेल म्हणून तीन दिवस थांबलात, ते मी समजू शकते. रविवारी मीही तेच केलं. तुमची झोप बिघडेल म्हणून.

दिवाळीला येते आहे, २० दिवसांची रजा मिळाली. पाणी उतरलेलं असेल तर बाबा, घाटावर जाऊ. तुम्ही पायरीवर बसा किंवा उतरा, जसं झेपेल तसं. मला तुमच्यासमोर पुलापर्यंत जाऊन यायचं आहे.

आईची पुढची रक्ततपासणी शनिवारी आहे ना? रिपोर्ट हातात आला की मला फोन करा आणि आकडा सांगा, जो असेल तो.

तुमची लेक